गडनोंदवही, नोंद नववी: हरिहरच्या पायऱ्या कुठे गेल्या?

आमच्या भटक्या गटाच्या गडांवरच्या नोंदी मी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि पायथन या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने शोधतो; ते शिकताना काय काय घडते ते या मालिकेत लिहितो. या वेळची नोंद गडांच्या नकाशाविषयी असणार होती. मागच्या नोंदीत तसे कबूलही केले होते, आणि 'डेटाबेस इज लॉक्ड' (डेटाबेसला कुलूप आहे) हा संदेश एकदाचा मिटल्याच्या आनंदात मी दोन रविवार गडांचे अक्षांश-रेखांश गोळा करण्यात घालवले होते. त्या घोळाचा शेवट ज्यांनी विचारला होता त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, डेटाबेस उघडून पाहण्याच्या डीबी ब्राउझर या साधनात मी एखादा रकाना बदलून 'राइट चेंजेस' (बदल पक्के करा) न दाबताच खिडकी उघडी ठेवत होतो आणि पायथनचा बिचारा प्रोग्राम ठरलेली ५ सेकंदे वाट पाहून हात टेकत होता. ते संपले. मग आमच्या गटातल्या एकाने कातळात कोरलेल्या पायऱ्या ज्या ज्या गडांवर आहेत त्यांची यादी मागितली, मी शोधाच्या चौकटीत 'पायऱ्या' असे टाकले, १९ नोंदी आल्या आणि त्यांत हरिहर नव्हता.

नाशिकच्या डोंगरभटक्याला यातली मौज वेगळी सांगायला नको. त्र्यंबक रांगेतल्या या गडावर जो कोणी जातो तो त्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांसाठीच जातो, आणि आमच्या नोंदवहीत हरिहरच्या चार नोंदींपैकी चारही पायऱ्यांविषयीच आहेत. नोंद उघडून वाचली तर शब्द डोळ्यांसमोर लख्ख दिसत होता, शोधाला मात्र तो सापडत नव्हता. चूक दाखवणारा कोणताही संदेश नाही, लाल अक्षरे नाहीत, ओळ क्रमांक नाही. नुसत्या 'पाय' या दोन अक्षरांनी शोध घेऊन, त्यातून पायथा आणि पायवाट हाताने वगळल्यावर, एकूण ४१२ नोंदींपैकी ४७ नोंदींत पायऱ्या निघाल्या. म्हणजे २८ नोंदी माझ्या समोर असूनही बेपत्ता होत्या. माझे मत असे झाले आहे की, प्रोग्राम ओरडत कोसळला तर नवशिक्याने देवाचे आभार मानावेत, कारण निदान तो कुठे पडला ते तरी कळते. हसतमुखाने अर्धवट उत्तर देणारा प्रोग्राम त्याहून फार वाईट.

पहिल्या तीन संध्याकाळी मी काय काय केले ते थोडक्यात लिहितो, कारण त्यातले जवळजवळ सगळे वाया गेले. डेटाबेसचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, तपासले, ते यूटीएफ-८ होते. शोधाच्या 'लाइक' आज्ञेत शब्दाच्या दोन्ही बाजूंना लागणारी टक्क्याची चिन्हे तपासली. शब्दापुढे-मागे चिकटलेल्या मोकळ्या जागा काढल्या. मग अनुभवी मंडळी नेहमी सांगतात त्याप्रमाणे सर्वांत लहान उदाहरण तयार केले: नवे टेबल, त्यात दोनच ओळी, एकीत 'पायऱ्या' आणि दुसरीत 'टाके'. शोध अचूक चालला. त्यामुळे माझी खात्रीच पटली की दोष जुन्या टेबलात आहे, आणि ते टेबल नव्याने बांधण्यात तिसरी संध्याकाळ गेली. नव्या टेबलातही १९.

त्यानंतर मी मदत मागितली, आणि ती ज्या पद्धतीने मागितली तिथेच खरी चूक झाली. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, त्यात कोड, शोधशब्द आणि न सापडणारी नोंद असे तिन्ही नीट दिसेल याची काळजी घेतली आणि तो जाणकार मित्रांना पाठवला. दोघांनी आपापल्या संगणकावर तोच कोड चालवून पाहिला आणि दोघांचेही उत्तर एकच आले की, कोड बरोबर आहे, आमच्याकडे शोध चालतो. त्यांनी फोटोत पाहून तो शब्द स्वतःच्या कळफलकावर टाइप केला होता, हे मला तेव्हा लक्षात यायला हवे होते. माझ्या लहान उदाहरणातही तेच झाले होते.

सुटका केली ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने. फोटो पाहून तिचा फोन आला, "मामा, फोटोत अक्षराचा चेहरा येतो, पोट येत नाही. ती ओळ डेटाबेसमधून उचल आणि जशीच्या तशी चिकटवून पाठव, हाताने टाइप करू नकोस." मी ओळ पाठवली, आणि मिसळीचा पाव संपायच्या आत तिचे उत्तर आले: शोधशब्दाची लांबी ७, नोंदीतल्या शब्दाची लांबी ८.

पायथनमध्ये लांबी सांगणारे 'लेन' लावून मी स्वतः मोजून पाहिले तेव्हा सगळे उलगडले. माझ्या कळफलकावरून येणाऱ्या 'पायऱ्या' मध्ये प, काना, य, ऱ, हलन्त, य, काना अशी ७ चिन्हे आहेत, आणि त्यातला ऱ हे युनिकोडमधले (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) २३५३ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर आहे. हरिहरच्या नोंदींत मात्र साधा र, म्हणजे २३५२, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक चिन्ह होते, जे डोळ्यांना दिसतच नाही. याला झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचे जोडचिन्ह, म्हणतात, आणि हलन्त र च्या पुढे ते आले की अक्षरावर रफार न चढता आपला तो पापणीसारखा वळलेला अर्धा र उमटतो. दोन्ही मार्ग युनिकोडला मान्य आहेत. दुसरा मार्ग २.० आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून ठेवलेला आहे. पडद्यावर दोहोंत केसाचाही फरक दिसत नाही. एसक्यूलाइट मात्र अक्षराचे रूप पाहत नाही, बाइट पाहतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागत असल्यामुळे त्याच्या लेखी एक शब्द २१ बाइटांचा आणि दुसरा २४ बाइटांचा, म्हणजे दोन निराळे शब्द होते. आमच्या नोंदी आठ जण आठ तऱ्हेच्या फोनवरून आणि संगणकांवरून पाठवतात, तेव्हा हे आजवर उघडकीला आले नाही याचेच आता नवल वाटते.

कारण सापडल्याच्या उत्साहात मी जो उपाय केला तो लिहायला थोडा संकोच वाटतो. न दिसणारे चिन्ह नकोच, असे ठरवून मी डीबी ब्राउझरमध्ये एकाच ओळीची 'अपडेट' आज्ञा चालवली आणि वर्णनाच्या रकान्यातली सगळी ८२०५ क्रमांकाची चिन्हे पुसून टाकली, 'व्हेअर' न लावता, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ते न सांगता. पुन्हा शोध घेतला, पुन्हा १९. मग साल्हेरची नोंद उघडली तर तिच्यात लिहिले होते की माथ्यावरून चहूबाजूंना खोल दर्या दिसतात. १,५६७ मीटर उंचीवरच्या बागलाणातल्या गडावरून समुद्र! जोडचिन्ह गेल्याबरोबर र ने आपला मूळ स्वभाव दाखवला होता आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. दऱ्यांचे दर्या झाले, पायऱ्यांचे 'पायर्या' झाले, वाऱ्याचेही तेच. शाळेत आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक शिकवताना गुरुजी इतका जीव का काढत होते ते त्या दिवशी समजले. ज्या 'राइट चेंजेस' च्या बटणाला मागच्या नोंदीत मी दूषणे दिली होती त्याचाच शेजारी 'रिव्हर्ट चेंजेस' (बदल मागे घ्या) या वेळी कामाला आला, कारण मी बदल अजून पक्के केले नव्हते. डीबी ब्राउझरविषयीचे माझे आधीचे कडवट शब्द मी मागे घेतो.

योग्य उपाय पुसण्याचा नव्हता, एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा होता: र, हलन्त आणि ८२०५ ही तिन्ही चिन्हे याच क्रमाने एकत्र आली तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. मूळ मजकुराला आता हात लावायचा नाही हे भीतीने नव्हे तर तत्त्व म्हणून ठरवले आणि 'शोधरूप' नावाचा वेगळा रकाना केला, ज्यात नोंद साठवतानाच पायथनमधून हे रूपांतर करून मजकूर ठेवला जातो. शोधायला दिलेला शब्दही त्याच रूपांतरातून गाळून जातो; हे विसरलात तर सगळी मेहनत फुकट. क्वेरी चालवली आणि आकडा आला ४५.

४५, आणि हवे होते ४७. उरलेल्या दोन नोंदींतल्या शब्दांची लांबी पुन्हा ८ भरली, पण त्यांत ८२०५ कुठेच नव्हते, आणि त्या क्षणी मी संगणक बंद करून गंगापूर रस्त्यावर पाय मोकळे करायला निघून गेलो. परतल्यावर एकेक चिन्हाला त्याचा क्रमांक सांगणारे 'ऑर्ड' लावले, तेव्हा र च्या पुढे २३६४ सापडले, म्हणजे नुक्ता, अक्षराखाली येणारा टिंब. ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असे सुटे करूनही लिहिता येते, आणि या दोन नोंदींची शीर्षके मी एका मित्राच्या जुन्या मॅकवरच्या छायाचित्रांच्या फाइलनावांवरून उचलली होती, जिथली फाइलव्यवस्था नावे अशी सुटी करूनच साठवते. याला मात्र तयार औषध आहे. पायथनच्या 'युनिकोडडेटा' मधले 'नॉर्मलाइज' एनएफसी या प्रकाराने चालवले की र आणि नुक्ता जुळून पुन्हा एकच ऱ होतो. पहिल्या प्रकाराला हे औषध लागू पडत नाही, एनएफसी जोडचिन्हाला शिवतही नाही, म्हणून दोन्ही पायऱ्या हव्यात. शेवटी उरलेली ८२०५ आणि त्याच्या शेजारचे, जोड तोडणारे ८२०४ ही चिन्हे फक्त शोधरूपातून काढतो, म्हणजे कोणी क्ष किंवा श्व जोडचिन्ह घालून लिहिले असले तरी अडत नाही. ४७! मी त्या आकड्याचा फोटो काढून भाचीला पाठवला, आणि तिने विचारले की हा फोटो तरी कशाला.

इथपर्यंत लिहून झाले असताना एक गोष्ट खटकली म्हणून मध्येच थांबलो आणि आता पुढचे लिहितो आहे. गडांच्या यादीत सटाण्याजवळचा कऱ्हेगड दोनदा दिसतो, हे मला महिनाभरापासून माहीत होते आणि पडद्यावरची काहीतरी गडबड असेल म्हणून मी ते सोडून दिले होते. गडाच्या नावाच्या रकान्याला मी पहिल्या दिवसापासून 'युनिक' हे बंधन घातलेले आहे, तेव्हा तेच नाव दोनदा बसणे शक्य नाही असे धरून चाललो होतो. पण ते बंधनही बाइटच मोजते! गडांच्या टेबलातही शोधरूपाचा रकाना करून त्यावर युनिक इंडेक्स घालायला गेलो तर 'युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड' असा संदेश आला, आणि आयुष्यात प्रथमच चूक दाखवणारा संदेश पाहून मला बरे वाटले. एका कऱ्हेगडाखाली ३ नोंदी होत्या आणि दुसऱ्याखाली ५. आधी तिन्ही नोंदींचा गड क्रमांक बदलला, मग रिकामा झालेला कऱ्हेगड काढला, मग इंडेक्स निमूटपणे बसला. हा क्रम उलटा करू नका: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी, म्हणजे नोंदीतल्या क्रमांकाचा गड खरोखर आहे का हे पाहणे, डेटाबेसशी होणाऱ्या प्रत्येक जोडणीला मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती बंद असेल तर गड पुसला जाऊन नोंदी अनाथ होतील तरी तो हूं की चूं करणार नाही. माझ्याकडे ती बंदच होती, आता चालू केली आहे.

यामुळे नकाशा पुन्हा पुढे ढकलतो. दोन वेगळ्या कऱ्हेगडांवर दोन टाचण्या लागल्या असत्या, तेव्हा आधी अक्षांश-रेखांशांची यादी याच चाळणीतून काढणे आले. माझा विचार पूर्ण-मजकूर शोधासाठी एसक्यूलाइटमधली एफटीएस५ ही सोय वापरण्याचा होता, पण तिचा मजकुराचे शब्द पाडणारा नेहमीचा शब्दतोड्या काना-मात्रांना अक्षर मानत नाही, तिथे मराठी शब्दाचे तुकडे पडतात, एसक्यूलाइटच्या ३.३४ आवृत्तीपासून आलेला, तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा 'ट्रायग्रॅम' हा प्रकार त्याऐवजी वापरून पाहणार आहे. ज्यांनी तो मराठी मजकुरावर चालवला असेल त्यांनी कृपया आपला अनुभव कळवावा, आणि कळवताना मजकूर चिकटवून पाठवावा.

ताजा कलम म्हणून एक. सगळे जमल्यावर गंमत म्हणून 'दऱ्या' शोधले, तर धोडपच्या एका नोंदीतल्या दऱ्या तरीही आल्या नाहीत. या वेळी शहाण्यासारखे आधी चिन्हे मोजली. द, र, हलन्त, य, काना. जोडचिन्ह नाही, नुक्ता नाही. लिहिणाऱ्याने खरोखरच 'दर्या' लिहिले होते. फोन केला तर तो म्हणाला, "काका, वाचणाऱ्याला कळतंच की." मूळ नोंद तशीच ठेवली आहे आणि पर्यायी रूपांचे एक छोटे टेबल केले आहे, ज्यात सध्या एकच ओळ आहे.