टोपी वाळवायचीसुद्धा एक पद्धत असते

"हीटरपासून लांब ठेव ती!" शेजारचे ऑस्ट्रेलियन आजोबा एवढ्या जोरात ओरडले की मी दचकलोच.

सिडनीत आज धो धो पाऊस. आजोबा दारात निथळत उभे, म्हणून आत बोलावलं, त्यांची अकुब्रा (तिकडची रुंद कडेची फेल्टची टोपी) हातात घेतली आणि आपल्या सवयीप्रमाणे हीटरकडे निघालो.

मग त्यांनी स्वतःच टोपी घेतली. आधी हलकेच झटकली, चेपलेला माथा बोटांनी नीट केला, आणि आतली चामड्याची पट्टी उलटी करून पूर्ण बाहेर वळवली आणि त्या पट्टीवरच टोपी टेबलावर उभी केली. म्हणजे कड कशालाच टेकत नाही, त्यामुळे चपटी होत नाही, पट्टीपण वाळते. फेल्ट म्हणजे सशाचे केस दाबून केलेलं जाड कापड, ते ओलं असताना गरम केलं की आक्रसतं, आणि चामडं तर त्याहून. मग टोपी डोक्यात जातच नाही. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणे.

"तुला घाई आहे, टोपीला नाहीये," असं म्हणाले आणि चहा मागितला (बिनसाखरेचा, काय करणार).

ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. आमच्याकडे सगळ्याला ड्रायर. केसांना, कपड्यांना, परवा तर बुटांनापण लावला.

आमच्या आजोबांची काळी टोपी खुंटीवर असायची एवढंच आठवतंय, पावसात भिजली की तिचं काय करायचे कधी विचारलंच नाही. तुमच्याकडे काय करायचे?