दोन इंच मोठी कुंडी

अमेरिकेत ऑरेगनमध्ये आलो तेव्हा हिल्सबरोच्या भाड्याच्या घराला एक गॅलरी होती. तिच्यात एक चटई अंथरली की संपली. तिथं मी दोनदा तुळस लावली आणि दोन्ही वेळा डिसेंबरनं ती नेली. तिसऱ्यांदा लावायचा धीर होईना. इथल्याच हवेत सुखानं राहील असं काहीतरी आणू, म्हणून एका शनिवारी रोपवाटिकेत गेले. विलामेट खोऱ्यात जपानी मेपलच्या रोपवाटिका खूप. आपल्याकडे देवगडला हापूसची कलमं मांडून ठेवतात, तशा इथं मेपलच्या रांगा.

एका कुंडीतलं झाड गुडघ्याएवढंही नव्हतं. पानं नखाएवढी आणि इतकी दाट की आतली फांदी दिसेना. मी विचारलं, "हे किती मोठं होईल?" रोपवाटिकेतल्या आजोबांनी उलट विचारलं, "तुम्ही इथं किती वर्षं राहणार?"

हा प्रश्न मला व्हिसाच्या खिडकीत विचारतात, सासरी विचारतात, शेजारीण विचारते. झाडाच्या बाबतीत पहिल्यांदाच कोणी विचारला. माझं उत्तर तयारच असे : दोन वर्षं. आजोबा म्हणाले, "मग काही काळजी नाही. तेवढ्यात त्याला तुमचा पत्ताही लागणार नाही."

बुटकं झाड म्हणजे ठरावीक उंचीवर थांबणारं झाड, असा माझा समज होता. तसं नसतं. ते वाढतच राहतं, फक्त वर्षाला बोटभर. पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतरच इतकं कमी की फांदी लांब होण्याऐवजी गच्च होत जाते. या प्रकाराला जपानीत 'यात्सुबुसा' म्हणतात. बी पेरून असं झाड मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून साध्या मेपलच्या खुंटावर कलम बांधतात. कलमाच्या गाठीखालून सरळसोट फुटवा आला तर तो लगेच खुडायचा, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्या आजोळच्या आंब्याचं नेमकं हेच झालं होतं.

माझ्या झाडाचं नाव कियोहिमे. ते वाढतं ते आडवं, शेंडा धरायची त्याला फारशी हौस नाही. वसंतात इतर मेपल अजून आळोखेपिळोखे देत असतात तेव्हाच याची पालवी फुटलेली असते, हिरव्या पानाला नारिंगी-तांबडी कड, लुगड्याच्या काठासारखी. ही घाई त्याला भोवते. मार्चच्या शेवटी एखादी रात्र गोठली की कोवळी पानं काळवंडतात. म्हणून त्या दिवसांत मी झोपण्याआधी दोन गोष्टी बघते, दाराची कडी आणि उद्या पहाटेचं तापमान.

मेपलला जपानीत 'काएदे' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ बेडकाचा हात. 1784 साली थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या वर्णनावरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यातही तळहातच आहे : एसर पाल्माटम. आईला फोनवर पान दाखवलं तर ती म्हणाली, "अवं, हे तं भांगेचं पान!" त्यानंतर मी तिच्या मैत्रिणींना फोटो पाठवणं बंद केलं.

कियोहिमे या नावाचीही एक गोष्ट आहे. जपानातल्या आताच्या वाकायामा भागातली एक मुलगी. तीर्थयात्रेला निघालेला आंचिन नावाचा देखणा भिक्षू तिच्या घरी उतरतो, परत येतो असं सांगून जातो आणि परतीला वाट बदलतो. ती त्याच्या मागे धावते, नदी ओलांडताना तिची नागीण होते. तो दोजोजीच्या देवळातल्या घंटेखाली लपतो. ती घंटेला विळखा घालून त्याला जिवंत जाळते. एवढ्याशा गोजिरवाण्या झाडाला हे नाव का दिलं असेल? ते आडवं, पसरत, जमीन धरून चालतं म्हणून असावं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. गोष्ट ऐकून आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत येतो म्हणून गेला अन् आलाच नाही, होय ना?" मी विषय कुकरच्या शिट्टीकडे वळवला.

दोन वर्षांची सात झाली. 2021च्या जूनमध्ये आमच्या जवळच्या पोर्टलंडला उष्णतेची लाट आली. 28 तारखेला पारा 46.7 अंशांवर गेला. इथं कित्येक घरांत एसी नाही, लोक खरोखर घाबरले होते. मी मात्र आत कुठंतरी सुखावले. शेचाळीस म्हणजे माझ्या अकोल्याचा मे महिना! खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, वाळ्याच्या ताट्यांची आठवण काढली, कांदा फोडून ताटात ठेवला, शेजारणीला पन्हं पाजलं. कियोहिमेला भिंतीच्या सावलीत ओढलं, वर जुनी सुती साडी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तरी तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या, पापडाच्या कडेसारख्या. मुळं पाणी ओढतात त्याहून वेगानं पान ते उडवून टाकतं. मग कुंडीत कितीही पाणी असो, कडा करपतातच. त्यातून तापलेली कुंडी मुळांना भाजते, हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अकोल्याचा माझा सगळा अनुभव माणसांचा होता. आठवड्याभरात झाड उघडं पडलं.

खत घालायचा मोह आवरला. होरपळलेल्या झाडाला खत म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला श्रीखंड. नखानं फांदी किंचित खरवडली, आत हिरवं होतं. ऑगस्टात तिला पुन्हा पालवी फुटली, अवेळी, थोडी विरळ. त्या वर्षीचा शरद यथातथाच गेला. एरवी ऑक्टोबरात ती हळदीची नारिंगी होते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. तांबडा मात्र पान शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार करतं. जाता जाता कशाला एवढा खटाटोप, कोण जाणे.

आई दरवर्षी विचारते, "एक फांदी आण की इकडं." या झाडाला थंडीची झोप लागते, ती नीट झाली नाही तर त्याचा जीव कुढतो. अकोल्यात त्याला झोपवणार कुठं? "फ्रिजात," आई म्हणाली. तिचा तो उपाय अगदीच टाकाऊ नाही.

आता आमचं स्वतःचं घर आहे, मागं जमीनही आहे. कियोहिमे अजून कुंडीतच. नवरा म्हणतो, लाव की आता खाली. मी म्हणते, जमीन फार चिकण आहे, पावसाळ्यात पाणी साचतं. ते खरंही आहे.

या फेब्रुवारीत कळ्या फुगायच्या आत कुंडी बदलायला घेतली. दर दोन-तीन वर्षांनी हे करावं लागतं, नाहीतर मुळं कुंडीच्या आकाराचीच होऊन बसतात. गठ्ठा बाहेर काढला, जुन्या कंगव्यानं मुळं विंचरली, गोल गोल फिरलेली कापली. फोन खिडकीत उभा करून ठेवला होता, आई पलीकडून बघत होती.

"अवं, किती कापतेस? लागते त्याले."

"नाही लागत, आई."

"अन् कुंडी केवढी आणली?"

"पहिल्यापेक्षा दोन इंच मोठी."

"दोनच? आता तं घर मोठं हाय ना."

मी सांगितलं, एकदम मोठी घेतली तर न वापरलेल्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. "मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि विचारलं, यंदा दिवाळीला येणार आहेस का.