तुम्ही विचारलंत म्हणून : निळ्या काठाचा ग्लास

“मॅडम, तुम्ही कॉलेजात पर्यावरण शिकवायचात, म्हणूनच ना हे ओल्या कचऱ्याचं वेड?” बाल्कनीतली बादली बघून इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा लिहूनच टाकते. नाही. शिकवत होते तेव्हा घरात एकच डबा होता आणि सगळं त्यातच जायचं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला, पुढे हा विषय कॉलेजातही सक्तीचा झाला. मी तो वर्षानुवर्षं शिकवला. मुलांना पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर घेऊन गेले. बसच्या खिडक्या लावल्या तरी वास आत. गावच्या विहिरींचं काय झालं ते ऐकलं, मुलांच्या प्रकल्पांना गुण दिले आणि त्याच संध्याकाळी चहाचा चोथा दुधाच्या पिशवीसकट डब्यात टाकला. ढोंग नव्हतं हो ते. दोन्हींची डोक्यात गाठच पडली नव्हती.

ती पडली कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३पासून आहे, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेचा महापालिकेशी २००८ साली करार झाला, हे मी तासाला सांगायचे. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचं नाव मात्र मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्या खाली बसून कचरा निवडत होत्या. मी स्कूटर काढत होते. “ताई, जरा पाणी घाला हातावर,” म्हणाल्या. तळहातातून रक्त येत होतं. समोर काचेचा तुकडा, त्याला निळा काठ. आदल्या रात्री सिंकमध्ये फुटलेला माझाच ग्लास.

त्या चिडल्या असत्या तर मीही उलट बोलले असते; तेवढी मी भांडखोर आहे. पण त्यांनी पाण्याखाली हात धरला, पदराचं टोक गुंडाळलं आणि पुढची पिशवी उघडली. अशी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलीये.

दुसऱ्याच दिवशी ओल्या कचऱ्याचं खत करायला बादली आणली. आठवड्यात तिला असा वास सुटला, की शेजारच्या काकू दाराची बेल वाजवून विचारून गेल्या, काही मेलंय का. अळ्या झाल्या. नवरा काही बोलला नाही, नुसता बाल्कनीचं दार लावून घ्यायला लागला. लाजेवर मी आणखी दोन दिवस काढले असते, फार तर तीन. मग बादलीत काठी घातली आणि तळाचा लगदा बघून आपलाच फळा आठवला : हवा मिळाली नाही की कुजण्याची तऱ्हा बदलते, दुर्गंधी येते. सालं-देठं ओली, नायट्रोजनवाली. त्यांच्या जोडीला कार्बनवालं कोरडं हवं. खाली पर्जन्यवृक्षाचा पाचोळा पडलेलाच होता, झाडणारे दादा तो कोपऱ्यात जाळायचे. एक मग ओला कचरा, वर दोन मग पाचोळा, दोन दिवसांआड ढवळणं. पंधरा दिवसांत वास गेला, पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला. इतकी वर्षं शिकवलेलं पहिल्यांदा कामी आलं!

काकूही आता करतात. पृथ्वीबिथ्वीशी त्यांना देणंघेणं नाही, त्यांचा कढीपत्ता खांद्याला लागलाय. सोसायटीच्या ग्रुपवर मी वितळत्या हिमनद्या टाकल्या तेव्हा चार नमस्काराचे हात आले होते. काकूंचा कढीपत्ता बघून तीन घरांनी बादल्या घेतल्या.

माझंही फार कौतुक नको. बादली ढवळली की आज आपला वाटा झाला असं वाटतं, आणि कोपऱ्यावरच्या भाजीला मी स्कूटरच काढते.

काच मात्र आता वर्तमानपत्रात गुंडाळते आणि वर लाल पेनाने ठळक ‘काच’ लिहिते. दोनेक महिने असं चालल्यावर मावशी हसून म्हणाल्या, “ताई, मला कुठं वाचता येतंय? तोंडानं सांगा की.”

आता हातात देते आणि सांगते. नावही विचारलं. सखूबाई. इथे लिहायला ते बदललंय.