स्टीलर्स १९७४: वेबस्टर आला, पान लागलं

अखेर माइक वेबस्टरचं कार्ड हातात आलं; वेबस्टर म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स टीमचा खेळाडू. टॉप्स कंपनीच्या १९७७च्या सेटमधलं, ९९ नंबर. खालचा कोपरा मऊ पडलाय, चित्राचं सेंटरिंग डावीकडे गेलंय, पण मागच्या बाजूला पेनाची रेघ नाही आणि ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचं कुणाला आहे! मावसभाऊ अमेरिकेहून येताना घेऊन आला, नाहीतर कार्डापेक्षा पोस्टेजच महाग पडतं.

अल्बमसाठी माझा नियम तोच: एका टीमचा एक ड्राफ्ट (टीम्स आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो), एक पान, आणि कार्ड रूकीचंच, म्हणजे खेळाडूचं पहिलं. पिट्सबर्गने त्या वर्षी लिन स्वॉन (ड्राफ्टमध्ये एकूण २१वा), जॅक लॅम्बर्ट (४६वा), जॉन स्टॉलवर्थ (८२वा) आणि वेबस्टर (१२५वा) घेतले. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या मानाच्या यादीत. कार्डं मात्र अशी निघाली: स्वॉन १९७५, लॅम्बर्ट १९७६, वेबस्टर १९७७ आणि स्टॉलवर्थ थेट १९७८. तोवर त्याच्या टीमने दोन सुपर बोल (सीझनची अंतिम मॅच) जिंकले होते!

पानाच्या मधोमध मी स्टॉलवर्थलाच ठेवलंय. स्वॉन यूएससीसारख्या बड्या कॉलेजचा, तो कुणालाही दिसला असता. स्टॉलवर्थ मात्र अलाबामा ए अँड एम या कमी नावाजलेल्या कॉलेजचा. टीम्ससाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींनी त्याला ओल्या मैदानावर पळवलं, वेळ सुमार आली, सगळे पुढच्या गावाला निघाले. स्टीलर्सचे स्काउट बिल नन मात्र तब्येतीचं निमित्त करून मागे राहिले आणि कोरड्या जागेवर त्याला पुन्हा पळवलं, असं सांगतात. कोच चक नोल यांना तो आणखी आधीच हवा होता. त्यात तिसऱ्या राउंडचा पिक, म्हणजे त्या फेरीतली निवडीची पाळी, ट्रेडमध्ये दुसऱ्या टीमला गेलेला. म्हणजे लॅम्बर्टनंतर तब्बल ३५ नावं दुसऱ्यांची ऐकायची आणि गप्प बसायचं. माझ्याच्याने झालं नसतं.

आता प्रश्न डॉनी शेलचा. साउथ कॅरोलायना स्टेटचा हा पोरगा, १७ राउंड होऊनही कुणी घेतला नाही. ननच्याच ओळखीने टीममध्ये आला आणि २०२०च्या वर्गात हॉल ऑफ फेमला पोचला. ड्राफ्टच्या पानावर ड्राफ्ट न झालेला माणूस? नियमात बसत नाही, म्हणून त्याचं कार्ड वेबस्टरच्या मागे पाठीला पाठ लावून त्याच खणात घालणार आहे. भांडायचं तर भांडा.

पुढचं पान शिकागो बेअर्स १९८३. रिचर्ड डेंट, आठवा राउंड, २०३वा, त्याचं कार्ड माझ्याकडे आहे. त्याच ड्राफ्टमधल्या जिंबो कव्हर्टचं कार्ड कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा, बदल्यात लॅम्बर्टचं दुसरं कार्ड देईन.