पहिल्या ५१२ बाइट्समध्ये काय आहे

शुक्रवार, रात्री. फोंडा.

पतसंस्थेच्या सर्व्हरचा मेल आला: जोडीतली एक डिस्क बाद. हा मेल लिहिणारा एमडीएडीएम हा लिनक्सचा प्रोग्राम मोजकंच बोलतो, पण बोलतो तेव्हा लक्ष द्यावं लागतं. मी पोचलो तेव्हा काउंटरवर नेहमीचीच गर्दी होती. पिग्मी एजंट दिवसाची जमा भरत होते, पासबुकं छापून निघत होती, कुणाला काहीही जाणवलं नव्हतं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "चालू आहे ना रे सगळं? मग बंद कशाला करतोस? चवथ होऊन जाऊ दे."

त्यांचं चूक म्हणता येत नाही. दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहायचा, एक गेली तर दुसरीवर काम चालवायचं, यासाठीच तर ही सोय. पण चवथीला अजून बरेच दिवस आहेत आणि तोवर सगळ्या सभासदांच्या ठेवी, कर्जं, व्याज एकाच डिस्कवर उभं राहणार. तीही त्याच दिवशी त्याच दुकानातून आणलेली, तेवढेच तास फिरलेली. जुळ्यांपैकी एकाला ताप आला की आई दुसऱ्याच्याही कपाळाला हात लावून बघते, तसं मला इथे होतं.

एमडीस्टॅट, म्हणजे जोड्यांची हालहवाल दाखवणारी फाइल, उघडून पाहिली. प्रत्येक डिस्क तुकड्यांत, म्हणजे पार्टिशनांत, वाटलेली आणि दोन्हींवरच्या सारख्या पार्टिशनांची एकेक जोडी. प्रत्येक जोडीपुढच्या कंसात दोन 'यू' दिसायला हवेत, चालू असलेल्या प्रत्येक जोडीदाराचा एक. मोठ्या जोडीत एक यू आणि त्याच्या शेजारी नुसती रेघ. बूटच्या (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या) आणि स्वॅपच्या (मेमरीला पूरक जागेच्या) छोट्या जोड्यांत मात्र अजून दोन्ही यू शाबूत. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण डिस्क गेली म्हणजे सगळीकडून गेली असं त्याला वाटतं. एमडी, म्हणजे लिनक्समधला या जोड्या सांभाळणारा भाग, पाहतो तो पार्टिशनकडे. वाचताना एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा अगदी छोटा कप्पा, अडला तर तो दुसऱ्या डिस्कवरून मजकूर आणून तो सेक्टर पुन्हा लिहून बघतो, आणि लिहिणंही जमलं नाही तेव्हाच त्या पार्टिशनला बाहेर काढतो. बाकीची पार्टिशनं, त्यांच्यावर तशी वेळ आली नाही म्हणून, त्याच आजारी डिस्कवर बसून राहतात. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या, तक्त्यात वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या सेक्टरांचा आकडा चांगलाच फुगला होता. म्हणजे डिस्क जाणार हे नक्की.

खजिनदारकाकांनी मध्येच विचारलं, "दोन डिस्कांचे पैसे भरून एकीचीच जागा मिळते, हा कसला हिशेब?" त्यांना सांगितलं की १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचे, म्हणजे अनेक डिस्का एकत्र वापरण्याच्या पद्धतीचे, स्तर मांडले, तेव्हा आरशाची ही पद्धत पहिल्याच स्तरावर ठेवली होती आणि ती महाग पडते हेही तिथेच मांडलं होतं. काकांना बर्कलीचं काही पडलेलं नव्हतं, पण महाग आहे हे लिहून ठेवलंय म्हटल्यावर त्यांनी डिस्कच्या बिलावर सही केली.

खरी भीती मात्र वेगळीच होती, आणि ती मी काउंटरवर कुणाला बोललो नाही. गेलेली डिस्क एसडीए होती (लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं), आणि मशीन सुरू होताना बायॉस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, जिला आधी विचारतो ती हीच.

आरशात सगळं दुहेरी असतं हा समज अर्धाच खरा. हा सर्व्हर जुना, बायॉसवरचा. अशा मशीनमध्ये डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात, ५१२ बाइट्समध्ये, सुरुवातीचा प्रोग्राम असतो. त्यातले ४४६ बाइट कोडसाठी, मग पार्टिशनचा तक्ता, शेवटी दोन बाइटांची खूण. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, एवढ्याशा जागेत मावत नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग पहिल्या सेक्टरानंतरच्या मोकळ्या पट्टीत जाऊन बसतो. पहिलं पार्टिशन सुरू होतं २०४८व्या सेक्टरला. आणि आपला आरसा पार्टिशनांचा आहे, तो तिथून पुढेच सुरू होतो. त्याआधीचं काहीही एमडी दुसऱ्या डिस्कवर नेत नाही, कारण ते त्याच्या हद्दीतच येत नाही. सर्व्हर बसवणाऱ्याने इन्स्टॉलर विचारेल त्या एका डिस्कवर ग्रब टाकला आणि तो निघून गेला. मशीन सुरू झालं, मग पुढे कोण बघतो.

दोन्ही डिस्कांचे पहिले सेक्टर वाचून पाहिले. एसडीएच्या सेक्टरात 'ग्रब' ही अक्षरं स्पष्ट होती. एसडीबीच्या सेक्टरात पार्टिशनचा तक्ता आणि शेवटची खूण तेवढी, कोडच्या जागी सगळी शून्यं. म्हणजे सभासदांचा हिशेब तिच्यावर अक्षर न् अक्षर होता, पण ती एकटी मशीन सुरू करू शकली नसती. भल्या हेतूने आधी मशीन बंद करून बिघडलेली डिस्क काढली असती, तर काळा पडदा बघत बसावं लागलं असतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून मार्ग निघाला असता, नाही असं नाही. पण काउंटरपुढे माणसं उभी असताना तो मार्ग फार लांबचा वाटतो.

मशीन जिवंत आहे तोवर उपाय एका आज्ञेचा. ग्रब-इन्स्टॉल, एसडीबीवर. काही सेकंदांत झालं. पुन्हा पहिला सेक्टर वाचला, अक्षरं दिसली, मग चहा घेतला.

(बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या नव्या मशीनवर हाच घोळ वेगळ्या कपड्यांत येतो. तिथे सुरुवातीचा प्रोग्राम फॅट पद्धतीच्या छोट्या पार्टिशनमध्ये असतो आणि तो फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचाच प्रोग्राम, स्वतः वाचतं. एमडी काय चीज आहे हे फर्मवेअरला ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही डिस्कांवर तसं पार्टिशन करून आपणच मजकूर सारखा ठेवायचा.)

शनिवार, उशिरा.

दुपारी संस्था बंद झाल्यावर हात घातला. बाहेर मुसळधार पाऊस. आधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि त्यातली एक-दोन खाती उघडून पाहिली, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मग एसडीएची उरलेली पार्टिशनं हाताने बाद ठरवून बाहेर काढली.

नंतरचं काम कागद-पेनाचं. दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर स्मार्टमधून वाचून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. एसडीए, एसडीबी ही नावं केबलला चिकटलेली नसतात, मशीन सुरू होताना वाटली जातात. डबा उघडल्यावर दिसतात त्या दोन सारख्या काळ्या-चंदेरी पेट्या. त्यातली चुकीची हातात आली तर एकुलती एक चांगली डिस्क आपणच उपटली असं होतं. लेबलावरचा नंबर टॉर्चच्या उजेडात ताडून बघितला, जुनी काढली आणि नवी न लावताच मशीन चालू केलं.

हे मी मुद्दाम करतो. उरलेली डिस्क एकटी उभी राहते का, हे नवी लावल्यानंतर कळून उपयोग नसतो. ग्रब आला. मग बराच वेळ काहीच हलेना, कारण सिस्टिम जोडीदाराची वाट बघत असते, आणि तो येत नाही म्हटल्यावर एकटीनेच पुढे जाते. या वेळात घाबरून बटण दाबू नये. लॉगिन आलं. उरलेली डिस्क आता एसडीए या नावाने हजर होती. सीरियल नंबर लिहायचे ते यासाठीच.

नवी डिस्क दुसऱ्या कंपनीची घेतली आहे, एकाच लॉटची जोडी पुन्हा नको म्हणून. मापाची चिंता नव्हती. १ टीबीच्या हार्ड डिस्क कुठल्याही कंपनीच्या असोत, त्यांत १९५३५२५१६८ सेक्टर ठेवण्याचा नियम उद्योगानेच ठरवून घेतला आहे. एसएसडी मिसळताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. ९६० जीबी म्हणजे १ टीबी नव्हे, आणि थोडीशी जरी लहान पडली तरी एमडी तिला जोडीत घेणार नाही.

डिस्क लावून मशीन पुन्हा सुरू केलं. पार्टिशनचा तक्ता चांगल्या डिस्कवरून नवीवर उतरवायचा, इथे एसएफडिस्कची आज्ञा टाइप करून मी हात मांडीवर ठेवतो आणि सीरियल नंबर पुन्हा वाचतो. दिशा उलटी झाली तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरल्या डिस्कवर जातो. मग नवी पार्टिशनं एकेका जोडीत घातली, आणि एमडीस्टॅटमध्ये प्रगतीची रेघ सरकायला लागली.

सुरुवातीला सेकंदाला १५० एमबीच्या वर वेग होता. पुढे तो उतरत जातो, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेच्या फेऱ्यांत मजकूर जास्त मावतो आणि आतल्यांत कमी. शेवटची टक्केवारी म्हणूनच रेंगाळते. या सगळ्या वेळात जोडीतली चांगली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. कित्येक वर्षांत कुणी न मागितलेला एखादा सेक्टर नेमका आज अडू शकतो. या सर्व्हरवरचं लिनक्स, डेबियन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्का ताडून बघतं आणि इथे ते कुणी बंद केलेलं नव्हतं, म्हणून मला थोडा धीर होता. मध्ये वीज गेली. यूपीएसने सांभाळलं आणि ती लगेच आलीही. मॅनेजरबाईंचा फोन आला, "झालं का रे? जेवलास का?" दोन्हींचं उत्तर नाही असं होतं. कोपऱ्यावरून पातळभाजी आणि उंडे मागवले.

डिस्क भरत असतानाच नवीवरही ग्रब घातला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रबच्या पॅकेजची मांडणी पुन्हा चालवून यादीतल्या दोन्ही डिस्कांवर खूण केली. नाहीतर पुढच्या अपडेटला नवा ग्रब एकाच डिस्कवर जातो, आणि दुसरीवर जुना शिळा भाग पडून राहतो.

सगळ्या कंसांत दोन-दोन यू आले तेव्हा अंधार पडला होता. सर्व्हरच्या डब्यावर आतून कागद चिकटवला: कुठल्या खणात कुठला सीरियल नंबर, कुठल्या तारखेपासून.

बिघडलेली डिस्क घेऊन आलो नाही. ती वॉरंटीत नाही, असती तरी सभासदांची खाती आत असताना कुरिअरने पाठवली नसती. पूर्ण पुसता येण्याइतकी ती धड राहिलेली नाही. खजिनदारकाकांच्या कपाटात कुलपात आहे. सोमवारी त्यांच्यासमोर फॅब्रिकेशनवाल्याकडून तिला आरपार भोकं पाडून घ्यायची आणि तसा शेरा रजिस्टरमध्ये लिहायचा, असं ठरलंय.