कूलरची घरघर

"मामा, दहा मिनिटं कूलर बंद करू का?"

मे महिना, दुपारचे अडीच, पारा 45ला टेकलेला, आणि हे विचारणारं पोट्टं जन्मानं नागपूरचं! तक्रार काय, तर कूलर सुरू असला की याची इलेक्ट्रिक गिटार "घूं करून राहिली." आतून ताई ओरडली, "आधी तुझी गिटार बंद कर बरं!"

मी ती मांडीवर घेतली. भरीव लाकूड, पोकळ पेटी नाहीच. अँपशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरशिवाय, छेडली तर शेजारच्या खोलीतही कळणार नाही. तारांखाली धातूचे सहा-सहा ठिपके दिसतात, ते पिकअप. आत चुंबक आणि केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत जराशी वीज उमटते, तीच केबलमधून अँपकडे जाते. फॅरेडेनं हे 1831 सालीच दाखवलं होतं; गिटारीत शिरायला 1930चं दशक उजाडलं. नायलॉनची तार लावा, बोटं सोलून निघतील, पण हिला पत्ता लागणार नाही. मोटरीची आणि वायरिंगची 50 हर्ट्झची घरघर मात्र बरोबर टिपते.

आमच्याकडे रेडिओचं असंच होतं. कॉमेंट्री रंगात आली की आई मिक्सर लावणार, रेडिओ खरखरणार आणि बाबा उसळणार. शेवटी तह झाला. ओव्हर संपेपर्यंत चटणी थांबायची. तेंडुलकर नव्वदीत असला तर चटणीच रद्द.

गिटारवाल्यांचा तह 1955 साली झाला. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं दोन कॉइल जोडल्या. एकीचे वेढे दुसरीच्या उलट, चुंबकही उलटे. बाहेरची घरघर आपसांत कटते आणि तारेचा सूर दोनदा उलटून सुलट होतो, त्याची बेरीज होते. हाच हंबकर. भाच्याची एकेरी कॉइलची, स्वस्तातली.

मला स्वतःला पिकअपपेक्षा टोनचं बटण जास्त आवडतं. पोरं ते दहावर ठेवून विसरतात. मी पार दोनवर आणतो. मग आतला कपॅसिटर वरचे सूर परस्पर अर्थिंगला सोडून देतो आणि चरचराट जातो.

"मामा, गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखं वाटतं," भाचा म्हणाला.

वाटू दे. जेवणानंतर मला तेच बरं वाटतं.