वाळवंटातल्या पाणफुगवट्यावर पाच दिवस

अमेरिकेतल्या कोलोराडो नदीवरच्या लेक पॉवेल या जलाशयाचे पाणी वळणावरून प्रथम दिसले तेव्हा गाडीत सगळ्यांनी एकदम मोबाइल बाहेर काढले. मागच्या सीटवर बसलेल्या अण्णांनी मात्र चष्मा पुसला, नीट पाहिले आणि विचारले, "किती उतरलंय हे?" माझ्या वडिलांचे मूळ गाव भीमेच्या काठी इंदापूर तालुक्यात होते. उजनी धरणाच्या वेळी ते पाण्याखाली गेले आणि सारे गाव वरच्या माळावर येऊन वसले. त्यामुळे कोणताही जलाशय पाहिला की त्यांची नजर आधी काठाकडे जाते आणि पाण्याकडे नंतर वळते. मी सांगितले, की पूर्ण पातळीच्या जवळजवळ १७० फूट खाली. त्यावर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

ही गोष्ट २०२२ च्या सप्टेंबर अखेरीची. आम्ही फिनिक्सला राहतो. त्या वर्षी आई-अण्णा आमच्याकडे आले होते, आणि सान होजेहून माझी बहीण, दाजी आणि भाचाही आले. नऊ माणसांनी हॉटेलच्या तीन खोल्यांत विखुरण्यापेक्षा पाच दिवस एकाच हाउसबोटीवर राहावे, ही कल्पना दाजींची. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफमार्गे पेज हे गाव सुमारे साडेचार तासांवर आहे. निवडुंगाचा प्रदेश संपून पाइनचे जंगल लागते, ते संपले की नवाहो या आदिवासी लोकांच्या भूमीतून जाणारा लाल, उघडा, अफाट माळ सुरू होतो. पेज गावाचा इतिहासही हा जलाशय तयार करणाऱ्या धरणापासूनच सुरू होतो. १९५७ साली ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांची वसाहत म्हणून ते वसवले गेले.

केरळमधील बांबूच्या छताची हाउसबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ते चित्र कृपया बाजूला ठेवावे. इथली हाउसबोट म्हणजे दोन लांबट पोकळ तराफ्यांवर बसवलेला चालताफिरता फ्लॅट. आमची ५९ फूट लांब होती. चार झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, फ्रिज, दोन संडास, गच्चीवर बसायला जागा आणि गच्चीवरून थेट पाण्यात जाणारी घसरगुंडी असा थाट होता. चालवायला कोणी माणूस मिळत नाही, आपणच चालवायची. त्यासाठी निघण्यापूर्वी दीड-दोन तास शिकवणी होते. त्या शिकवणीत दोन गोष्टी पुन्हापुन्हा बजावल्या गेल्या. पहिली, जनरेटर किंवा इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूस कोणीही पोहायचे नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला बेशुद्ध करतो आणि तो पाण्यात बुडतो. अशा मृत्यूंच्या घटना या जलाशयावर घडलेल्या आहेत. दुसरी, रात्री बोट चालवायची नाही. काठावरच्या मुक्कामाची कला याच दोन तासांत शिकवली जाते, पण ती खऱ्या अर्थाने आम्हाला तिसऱ्या रात्री समजली.

वाहवीपच्या धक्क्यावरून निघालो तेव्हाच पाण्याच्या पातळीने आमचा मार्ग ठरवला. पूर्वी कॅसल रॉक नावाच्या सुळक्याजवळच्या एका कापातून बोटी थेट पलीकडच्या मोठ्या भागात जात असत. पाणी उतरल्यामुळे त्या वर्षी तो कोरडा पडला होता, म्हणून सगळ्यांनाच धरणाच्या दिशेने जाऊन मूळ नदीच्या पात्रातून वळसा घालावा लागत होता. ताशी जेमतेम आठ-दहा मैलांनी जाणाऱ्या हाउसबोटीला हा वळसा चांगलाच लांब पडतो. मला मात्र तो पथ्यावर पडला असे वाटते. एरवी धरणाची मागची बाजू इतक्या जवळून दिसली नसती.

हे धरण ७१० फूट उंच आहे. १३ मार्च १९६३ रोजी त्याने कोलोराडो नदी अडवायला सुरुवात केली आणि जलाशय पूर्ण भरायला जून १९८० उजाडला, म्हणजे सतरा वर्षे लागली. उजनी धरणही १९८० सालीच पूर्ण झाले, हे अण्णांनी लगेच लक्षात आणून दिले. नंतर तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, बर्फ वितळून एवढा पूर आला की सांडव्याच्या बोगद्यांतले काँक्रीट उखडून खडक फाटू लागला आणि पाणी थोपवण्यासाठी दरवाज्यांच्या माथ्यावर चक्क प्लायवूडच्या फळ्या उभ्या कराव्या लागल्या. सुकाणू धरून उभे असलेले दाजी मुलांना ही हकिकत रंगवून सांगत होते. आपल्या समोरची एवढी अजस्र भिंत एकदा प्लायवूडच्या भरवशावर उभी होती, यावर भाच्याचा विश्वास बसत नव्हता.

धरणापासून वर वळल्यावर पात्र अरुंद होते. दोन्ही बाजूंना नवाहो वालुकाश्माचे उभे कडे आहेत, आणि मधून जाणाऱ्या वेगवान बोटींच्या लाटा या भिंतींवर आपटून परत येतात, त्या तिकडून पुन्हा येतात. त्यामुळे वारा नसतानाही पाणी खवळलेले असते. स्वयंपाकघरातले डबे घसरू लागले तेव्हा आईने पिठाचा डबा मांडीवर घेतला आणि पुढचा तासभर ती तशीच बसून राहिली. मध्येच अँटिलोप कॅन्यनचे पाण्याकडचे तोंड लागले. छायाचित्रांत दिसते ती प्रकाशाच्या झोतांची चिंचोळी घळ याच ओढ्याच्या वरच्या अंगाला नवाहो भूमीत आहे. १९९७ साली दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचे लोंढे त्या घळीत शिरले आणि अकरा पर्यटकांचा बळी गेला. वाळवंटात पाण्याने मरण येणे, हे मला तोपर्यंत कधी नीट कळले नव्हते.

मुख्य पात्रात ठिकठिकाणी तरंगते खुणेचे ठोकळे, म्हणजे बॉय, बांधलेले आहेत आणि त्यांच्यावर धरणापासूनचे मैल लिहिलेले आहेत. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारखा त्यांचा उपयोग होतो. पूर्ण भरलेला असताना हा जलाशय १८६ मैल लांब असतो आणि घळी, खाड्या, फाटे धरून त्याचा काठ सुमारे १,९६० मैलांचा होतो. पाच दिवसांत आम्ही त्यातला एक कोपरा पाहिला. मोबाइलच्या घड्याळांनी मात्र या कोपऱ्यातही गोंधळ घातला. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, शेजारचे युटा करते आणि नवाहो भूमीही करते, त्यामुळे पात्राच्या या काठाचा की त्या काठाचा मनोरा पकडला यावर आमचे फोन तासाभराने मागेपुढे होत. शेवटी आईच्या मनगटावरचे चावीचे घड्याळ प्रमाण मानायचे ठरले.

पहिले दोन मुक्काम गनसाइटच्या खाडीत वाळूच्या काठाला केले. पाण्यावर उठून दिसणारी गोष्ट म्हणजे कड्यांवरचा पांढरा पट्टा. पाण्यातले चुनखडीचे क्षार खडकावर बसतात, पाणी उतरले की त्यांचा थर उघडा पडतो. त्याच्या वर तांबूस कातळ, त्यावर लोह आणि मँगनीजचे काळे ओघळ, आणि त्या साऱ्याखाली हा एखाद्या टाकीच्या आतल्या कडेसारखा पांढरा पट्टा. आमच्या डोक्यावर पंधरा-सोळा मजल्यांइतक्या उंचीवर तो संपत होता. म्हणजे पूर्वी ज्या पाण्यावर लोक बोटी चालवत होते, त्याच्या तळाशी आम्ही मुक्काम ठोकून बसलो होतो. खडकांना क्वागा नावाच्या परदेशी शिंपल्यांची वाळलेली टरफले चिकटलेली होती. भाचा अनवाणी धावला आणि तळपाय कापून घेऊन परत आला. हे शिंपले इतर जलाशयांत जाऊ नयेत म्हणून बाहेर पडताना प्रत्येक बोट निथळवून, धुऊन, वाळवून न्यावी लागते.

त्या काठावर अण्णा पहाटे एकटेच फिरून येत. पाणी उतरलेल्या जमिनीवर कोवळे हिरवे कोंब उगवलेले पाहून ते म्हणाले, "आपल्याकडं असतं तर एव्हाना गाळपेर झाली असती." गाळपेर म्हणजे पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळावरची पेरणी. मग त्यांनी शेतकऱ्याचा प्रश्न विचारला, "एवढी नदी, मग गाळ कुठं गेला?" कोलोराडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच लालसर रंगाची, पण आमच्या बोटीखालचे पाणी हिरवेनिळे आणि स्वच्छ होते. याचे कारण असे की नदी जलाशयात शिरते तिथे, दीडशे मैल वर, तिचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. हाइटचा जुना बंदरधक्का त्याच टोकाला कोरडा पडून बंद झाला आहे. १९६३ ते २०१८ या काळात जलाशयाची साठवणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटली, असे सरकारी मोजणी सांगते. अण्णांना सात टक्के कमी वाटले. "आमच्या तिकडं विचार," एवढेच ते म्हणाले.

संध्याकाळी गच्चीवर गॅसच्या शेगडीवर वांगी भाजून भरीत होई. पोळ्या, ठेचा, भरीत आणि समोर दहा हजार फुटांहून उंच असा, नवाहोंना पवित्र असलेला नवाहो माउंटन. मुलांना पाण्यावरची घसरगुंडी सोडवत नव्हती. अंधार पडला की जनरेटर बंद करायचा. मग जी शांतता पसरते तिच्यात पाण्याचा तराफ्यावर होणारा चुबुक चुबुक आवाजही मोठा वाटतो. आकाशगंगा एवढी स्पष्ट मी लहानपणी माळावरच्या घराच्या अंगणातून पाहिली होती, त्यानंतर इथेच.

आमची खाडी ज्या विस्तीर्ण भागाला लागून होती त्याचे नाव पाद्रे बे. १७७६ साली दोमिंगेस आणि एस्कालांते हे दोन स्पॅनिश पाद्री कॅलिफोर्नियाची वाट शोधताना उपासमारीला आले आणि परत फिरले. घोडी-खेचरे उतरावीत म्हणून त्यांच्या माणसांनी कड्यात पायऱ्या खोदल्या आणि ७ नोव्हेंबरला नदी पार केली. तो उतार आता पाण्याखाली आहे. जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली चार होड्या घेऊन याच पात्रातून गेला. यादवी युद्धात त्याचा एक हात गेलेला होता. ग्लेन कॅन्यन हे नाव त्यानेच दिले, आणि त्या कॅन्यनला बुडवणाऱ्या जलाशयाला त्याचे नाव मिळाले. हे मी वाचून दाखवत असताना अण्णांनी विचारले, "इथं कुणाचं गाव गेलं का?" मी सांगितले, की हाइट नावाची लहानशी वस्ती गेली आणि प्राचीन प्यूब्लो लोकांची घरे, धान्याची कोठारे, खडकावरची चित्रे गेली, ज्यांची नोंद धरण होण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने केली. ते ऐकून त्यांनी पळसदेवच्या देवळाची गोष्ट मुलांना सांगितली. उजनीचे पाणी फार उतरले की हे जुने देऊळ फुगवट्यातून वर येते, आणि मग जुन्या गावची माणसे होडीतून दर्शनाला जातात. मुलांनी लगेच भोवतीच्या पाण्यात देऊळ शोधायला सुरुवात केली.

तिसऱ्या रात्री वारा सुटला. हाउसबोट काठाला लावताना नाक वाळूत घुसवतात, इंजिन हळू चालू ठेवून बोट दाबून धरतात आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोन-दोन तिरके दोर नेऊन त्यांचे नांगर काठावर वाळूत पुरतात. त्या दिवशी खड्डे दाजींनी आणि मी खणले होते आणि भूक लागल्याने ते गुडघ्याइतकेच खणले होते. रात्री दोन वाजता उजवीकडचा एक नांगर वाळूतून निसटला, बोटीचे शेपूट फिरले आणि अख्खे घर खडकाच्या दिशेने सरकू लागले. दाजींनी इंजिन सुरू केले, मी आणि बहीण विजेऱ्या घेऊन काठावर उडी मारून दोर ओढू लागलो. तोंडात, डोळ्यांत वाळू. तेवढ्यात धोतर खोचून अण्णा फावडे घेऊन खाली उतरले. "बैल बांधायचा खुंटा असा पुरतात का? तिरका घाल, ओढीच्या उलट्या अंगाला." कमरेइतका खड्डा झाल्यावर नांगर तिरका ठेवून वर वाळू आणि दगड रचले. तो मग हलला नाही. सकाळी उरलेले तिन्ही खड्डे त्यांनी आमच्याकडून नव्याने खणून घेतले, आणि आम्ही निमूटपणे खणले.

चौथ्या दिवशी सोबत ओढून आणलेल्या लहान बोटीने रेनबो ब्रिजला गेलो. वाटेतला डँगलिंग रोप हा पेट्रोलचा थांबा बंद असल्याने जाण्या-येण्याचे इंधन हिशेबाने न्यावे लागले. पाणी आटल्याने धक्क्यापासून बरेच चालावे लागत होते, म्हणून आई बोटीपाशीच थांबली. २९० फूट उंचीची ती दगडी कमान नवाहो आणि इतर आदिवासींचे श्रद्धास्थान आहे आणि तिच्याखालून जाऊ नये अशी विनंती तिथे केलेली आहे. अण्णांनी लांबूनच नमस्कार केला.

पाचव्या दिवशी परतताना संडासाची टाकी उपसणे, इंधन भरणे आणि जाग्यावर बोट लावणे यांत अर्धा दिवस गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, फक्त टाकीची जबाबदारी आपल्याकडे नसेल असे आधीच ठरवून घ्यावे. धक्क्यावर उतरताच फोनला पूर्ण रेंज आली. सामान गाडीत चढत असताना अण्णा एका बाजूला जाऊन गावाकडे चुलत्यांना फोन लावून बसले. तब्येतपाणी नंतर, आधी त्यांनी विचारले, "उजनी किती टक्के?" पलीकडून उत्तर आले, की शंभराच्या वर आहे आणि दरवाजे उघडून भीमेत पाणी सोडले आहे. अण्णांनी एकदा वळून वरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिले आणि फोनवर म्हणाले, "इथलं पावच आहे. सतरा वर्षं लागली होती म्हणे भरायला."